टिकलात का?

लिफ्टमनला उभ्या आयुष्यात एकही गोष्ट शेवटपर्यंत सांगता आली नव्हती. दोष त्याचा नव्हता, धंद्याचा होता. तळमजल्यावर माणूस आत यायचा, जाळीचं दार ओढून घेत हा बोलायला सुरुवात करायचा, आणि गोष्ट रंगात येते न येते तोच चौथा मजला यायचा. माणूस 'हो का, हो का' करत उतरून जायचा. पुढचा चढायचा तो निराळाच, आणि त्याला मागचं काहीच ठाऊक नसायचं. अशी लिफ्टमनच्या पोटात अर्धवट गोष्टींची अडगळ साठत गेली. बायको होती तोवर घरी गेल्यावर तो त्यातली एखादी पुरी करायला घ्यायचा, पण दिवसभर राबलेली ती बाई तिसऱ्या वाक्याला घोरायला लागायची. पुढे ती गेली आणि घोरण्याचाही आवाज राहिला नाही. मुलगा दूरच्या शहरात होता. तो फोन करायचा. "सगळं ठीक ना बाबा?" "ठीक." "मग ठेवू?" "ठेव." यात गोष्ट कुठे घुसवणार?

मग इमारतीत नवी लिफ्ट आली, बटणांची. मॅनेजरनं त्याला आत नेऊन बटणं दाखवली आणि म्हणाला, "बघा, किती सोपं केलंय." जणू इतकी वर्षं लिफ्टमननंच ते मुद्दाम अवघड करून ठेवलं होतं. आठवडाभरात तो घरी बसला.

ज्यांची कामं यंत्रांनी गिळली त्यांना दुसरं काम शिकवायचं, अशी सरकारची एक योजना होती. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?" लिफ्टमन प्रामाणिकपणे म्हणाला, "वर जाता येतं आणि खाली येता येतं." त्या माणसाला विनोदाची फारशी आवड नसावी. त्यानं लिफ्टमनला हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या वर्गात घातलं.

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, जीभ तिखट. त्या स्वतः लाँड्रीत उभी हयात घालवून आलेल्या होत्या आणि हे केंद्र त्यांनी साठवलेल्या पैशातून काढलं होतं. डाग कसा ओळखायचा, रक्ताला गरम पाणी का लावायचं नाही, वाफेच्या रोलरपासून बोटं कशी वाचवायची, सगळं त्या ओरडून शिकवायच्या. पण त्यांचा खरा जीव घडीवर. "मोठी चादर म्हणजे दोघांचं काम," त्या म्हणायच्या. "पलीकडच्याचा हात बघा. तोंड बघायला लागलात की कोपरा सुटला म्हणून समजा." लिफ्टमननं हे वाक्य मनाशी पक्कं बांधून ठेवलं. माणसांची तोंडं बघण्यातच सारी नोकरी गेलेला तो, त्याला ते फार जड गेलं, पण शिकला.

शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बसवून एक गोष्ट नीट समजावली. आधीच्या काळात कितीतरी केंद्रांनी सरकारला टोप्या घातल्या होत्या. न शिकलेल्यांना शिकवल्याचं दाखवलं, मेलेल्यांना नोकऱ्या लावल्या, आणि पैसे उचलून गाशा गुंडाळला. म्हणून सरकार आता शहाणं झालं होतं. पैशाचा मोठा हप्ता विद्यार्थी कामाला लागून टिकला तरच सुटायचा. आणि तो टिकला हे केंद्रानं सांगून चालायचं नाही, तिकडून थेट विद्यार्थ्याला फोन यायचा.

"विचारतील, टिकलात का?" बाई म्हणाल्या. "टिकला असाल तर हो म्हणा. तुमच्यासोबत काम करणाऱ्या कुणाला तरी फोन द्यायला सांगतील, तो द्या. झालं. माझा कागद आणि तुमचा शब्द जुळला की पैसे मिळतात. एकाचाही जुळला नाही, तर अख्ख्या केंद्राचे थांबतात. तेव्हा खरं असेल ते बोला. मला दुसरं काही नको."

यात न कळण्यासारखं काय आहे? काहीच नाही. लिफ्टमनलाही सगळं स्वच्छ कळलं होतं.

पहिला फोन आला तो मंगळवारी. हॉस्पिटलनं त्याला घेतलं होतं, पण पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. त्याची खोली टायरच्या दुकानावर होती. खिडकी उघडली की रबराचा वास यायचा आणि बंद केली तरी यायचा. तो पाव आणि उकडलेलं अंडं खात बसला होता.

"नमस्कार सर, मी पडताळणी विभागातून बोलतेय. आपण कामावर टिकलात का?"

"अजून लागलोच नाही, तर टिकणार कसा?" तो म्हणाला.

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. काम नसेल त्याच्यासाठी प्रश्नांची एक वेगळी मालिका असे, ती आता सुरू झाली. तब्येत कशी आहे? झोप लागते का? घरी कोण असतं? दिवस कसा जातो? लिफ्टमनच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. बायको गेल्यापासून त्याला झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी तो आवाज म्हणाला, "पूर्वीच्या कामाचा एखादा अनुभव सांगा. सावकाश सांगा, तुमचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मला फोन ठेवता येत नाही. तसा नियम आहे."

कुठल्या तरी समितीत कुणीतरी मायाळू माणूस बसला असावा, त्याशिवाय असला नियम सरकारात शिरणार नाही.

लिफ्टमननं घसा साफ केला आणि दातांच्या डॉक्टरची गोष्ट काढली. डॉक्टर सहाव्या मजल्यावर. त्याचा एक पेशंट दात काढायच्या भीतीनं, अर्धं तोंड बधिर झालेलं असताना, खुर्चीवरून उठून पळाला आणि लिफ्टमध्ये शिरला. डॉक्टर मागोमाग धावत आला आणि दार लागता लागता आत घुसला. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. ही गोष्ट लिफ्टमननं शेकडो लोकांना सांगितली होती आणि ते सगळे इथपर्यंत येऊन उतरून गेले होते. आज कुणी उतरेना. तो पुढे बोलत राहिला. बोलता बोलता त्याचाच आवाज त्याला अनोळखी वाटायला लागला, कारण गोष्टीच्या या भागात तो कधी आलाच नव्हता. डॉक्टरच्या खिशात पक्कड होती. लिफ्टमननं टॉर्च धरला. तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये, दात निघाला. आणि पेशंटचे पहिले शब्द होते, "बरं झालं लिफ्ट अडकली."

पलीकडून हसू आलं. शिस्तीचं, पगारी हसू नव्हे. नाकातून फुस्सकन सुटलेलं, आवरता न आलेलं.

"काका, तुम्ही पण ना," ती म्हणाली. सरचे काका कधी झाले ते दोघांनाही कळलं नाही. "मी पुढच्या मंगळवारी करते हं फोन. काम लागलं नसेल तर दर आठवड्याला करायचा असतो."

पुढच्या मंगळवारी तो कामावर होता. हॉस्पिटलची लाँड्री तळघरात. एका बाजूला धुण्याची मशीन घरघरत असायची, मध्ये वाफेचे रोलर, आणि शेवटी घडीची टेबलं. तो तीन नंबरच्या टेबलावर अलीकडच्या बाजूला उभा राहायचा. पलीकडे एक दांडगा, मिशाळ माणूस होता, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. सुपरवायझर त्यांना नावानं हाक मारत नसे. "तीन नंबर अलीकडचे, जरा हात उचला." बस्स. पहिल्या दिवशी लिफ्टमननं पलीकडच्याला नमस्कार केला, पण त्या गोंगाटात आणि त्या बोळ्यांत तो कुठल्या कुठे गेला. माणूस घमेंडी दिसतो, असं त्यानं ठरवून टाकलं. मग बाईंची शिकवण पाळत त्यानं फक्त पलीकडचे हात बघायला सुरुवात केली. रुंद, केसाळ, एका बोटाचं नख काळं पडलेले हात. त्या हातांशी त्याची चांगली गट्टी जमली. वरचा माणूस कोण होता, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला तसा तो धुतलेल्या चादरींच्या कोठीत शिरला. चारी बाजूंनी छतापर्यंत घड्या. दार लावलं की मशीनचा आवाज पार बुजून जायचा.

"काका, कामाचं काय झालं? टिकलात का?"

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण हो म्हटलं की एक प्रश्न, सोबतच्या माणसाशी दोन शब्द, आणि धन्यवाद. चौथा मजला आला, उतरा.

"अजून बोलावणं नाही आलं," तो म्हणाला.

"अरेरे," ती म्हणाली, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाली. "बरं, झोप लागते का?"

त्यानंतर मंगळवारमागून मंगळवार असेच गेले. एक थाप पचली की दुसरीला धीर येतो. बोलावणं आलं नाही, मग गुडघा दुखला, मग हॉस्पिटलचा वास सोसेना. ती बिचारी त्याच्यासाठी दुसरी कामं शोधायला लागली. रात्रपाळीची राखण, फुलं बांधायचं काम, शाळेच्या फाटकावरचं काम. प्रत्येकाला नाही म्हणताना त्याला घाम फुटायचा. पण मग गोष्टीची वेळ यायची. हरवलेल्या पोपटाची झाली, रोज वरखाली करून परत जाणाऱ्या म्हाताऱ्याची झाली, एकाच लिफ्टमध्ये वर्षभर न बोललेल्या दोन भावांची झाली. एकदा ती मध्येच खोकली, तेव्हा त्यानं विचारलं, "तुम्ही जेवलात का?" ती म्हणाली, "ते मी विचारायचं असतं, काका." पण जरा थांबून म्हणाली, "टेबलावरच खाते. बाहेर जाऊन एकटीनं काय खायचं?" हे वाक्य त्यानं आठवडाभर जपून ठेवलं.

आपण कुणाचं काही खात नाही, असं तो मनाला समजवायचा. शिकताना मिळणारा भत्ता वर्गाबरोबरच संपला होता. फुकटचा एक पैसा त्यानं घेतला नव्हता. तो घेत होता तो फक्त वेळ, आणि वेळ सरकारकडे बख्खळ असतो असा त्याचा समज होता.

थंडी ओसरायला लागली होती तेव्हा एका दुपारी शिकवणाऱ्या बाई लाँड्रीच्या दारात उभ्या राहिल्या. खांद्याला मोठी पिशवी आणि डोळ्यांखाली काळं. त्यांनी आत नजर टाकली, लिफ्टमनला टेबलापाशी बघितलं आणि भिंतीला टेकल्या.

"आहात ना," त्या म्हणाल्या. "चला. तुमचा मला संशय नव्हताच, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही आता."

"काय झालं बाई?"

"मी खोटारडी ठरलेय." तो आवाज खणखणीत नव्हता. "माझा कागद सांगतो की सगळे कामावर आहेत. आणि तुमच्यातलंच कुणीतरी फोनवर सांगतंय की आपल्याला काम नाही. कोण ते सांगत नाहीत, गुप्तता असते म्हणे. म्हणून मी एकेकाच्या कामावर जाऊन बघतेय. सगळे आहेत हो! एक पोरगी तर बढती मिळवून बसलीय. मग खोटं बोलतंय कोण? आणि का?"

लिफ्टमन आधीच सारखा केलेला कोपरा पुन्हा सारखा करू लागला.

"सगळे पैसे अडकलेत. दुकानाचं भाडं थकलं, मालकानं कुलूप लावलं. नव्या वर्गाच्या मुली रोज येऊन दारासमोर उभ्या राहतात आणि परत जातात. या आठवड्यात मिटलं नाही तर केंद्राचं नाव काळ्या यादीत. मी, काळ्या यादीत! ज्यांनी मेलेल्यांना नोकऱ्या लावल्या त्यांच्या शेजारी." त्यांनी पिशवी सावरली. जाता जाता टेबलावरच्या घडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कोपरे छान आलेत."

त्या जिना चढून गेल्या. आत्ताच त्यांच्यामागे धावावं, पाय धरावेत असं त्याला वाटलं, पण तो चादर धरून उभा राहिला. भ्याला होता, दुसरं काही नाही. त्या दिवशी खोलीवर गेल्यावर त्यानं पडताळणीच्या नंबरावर फोन लावून पाहिला. त्या नंबरावर उलटा फोन लागत नसे. मंगळवारपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. मंगळवार नको, आणि मंगळवारशिवाय सुटका नाही, असे ते दिवस त्यानं काढले. मुलाचा फोन आला. "सगळं ठीक ना बाबा?" "नाही," असं तो पहिल्यांदाच म्हणाला, पण तिकडे गाडीचा हॉर्न वाजला आणि मुलाला ते ऐकू गेलं नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो कोठीत गेला. दार लावलं. फोन वाजला.

"काका, गुडघा कसा आहे? टिकलात का?"

"टिकलो," तो म्हणाला. "पहिल्यापासून टिकलोय. त्या दुसऱ्या फोनच्या वेळीच मी कामावर होतो. आत्ताही हॉस्पिटलातूनच बोलतोय."

पलीकडची टकटक थांबली.

"मग इतके दिवस?"

"हो म्हटलं असतं तर तुम्ही फोन केला असता का?"



"मला कारण लिहावं लागतं," ती म्हणाली. "आजारपण आहे, प्रवास आहे, पगार आहे, घरगुती अडचण आहे. हे कशात घालू मी?" आणि मग तिचा आवाज चढला. "मी तुमच्यासाठी त्या शाळेच्या फाटकावर तीनदा फोन केला होता, काका! त्यांनी जागा धरून ठेवली होती. दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती ती."

"चुकलं माझं," लिफ्टमन म्हणाला. "पण त्या बाई खोटं बोलत नाहीत. त्यांचा कागद खरा आहे. तेवढं नीट लिहा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

टकटक सुरू झाली. "'इतर' लिहिते," ती म्हणाली. पुढचं बोलली ते कागदावरून वाचल्यासारखं, सपाट. "सर, आपल्यासोबत काम करणाऱ्या व्यक्तीकडे फोन द्या."

सर. लिफ्टमननं डोळे मिटले.

कुणाकडे देणार? इतक्या महिन्यांत त्यानं तळघरात कुणाशी ओळख केली नव्हती. बोलायचं ते सगळं मंगळवारसाठी साठवून ठेवायचा. सुट्टीत बाकीचे एकत्र बसायचे तेव्हा हा गोष्ट मनात घोळवत कोपऱ्यात बसायचा. त्यानं दार उघडलं. मशीनची घरघर अंगावर आली. तीन नंबरच्या टेबलाशी पलीकडचा माणूस डबा उघडून बसला होता. लिफ्टमन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं, कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघितलं. घमेंडी काही नव्हतं त्यात. दमलेलं, थोडं लाजाळू तोंड होतं.

"सरकारचा फोन आहे," लिफ्टमन ओरडला. "मी इथे काम करतो, एवढं सांगा."

पलीकडच्यानं दोन्ही बोळे काढले, हात पुसले आणि फोन घेतला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"हे गृहस्थ आपल्यासोबत काम करतात का?"

"करतात की. रोज."

"त्यांचं पूर्ण नाव सांगा."

पलीकडच्यानं लिफ्टमनकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा लिफ्टमनकडे. आजूबाजूचे जेवता जेवता थांबले.

"नाव नाही माहीत," तो म्हणाला.

"एका टेबलावर काम करता आणि नाव माहीत नाही?" तिचा आवाज कडक झाला. "अशानं नोंद नाही होणार."

"थांबा हो बाई, ठेवू नका." दांडगा माणूस गडबडला. "नाव नाही माहीत, पण माणूस माहीत आहे ना. चादर घेताना डावा अंगठा आत घालतात. उजवा गुडघा धरतो यांचा, म्हणून संध्याकाळी सगळा भार डाव्या पायावर. चहात साखर नाही घेत. कोपरा सुटला तर स्वतःशीच पुटपुटतात. आणि मंगळवारी जेवत नाहीत. त्या कोठीत जातात फोन घेऊन, आणि येतात ते हसत. मंगळवारी दुपारी आमच्या टेबलाच्या घड्या सगळ्यात चांगल्या असतात. कुणालाही विचारा."



"मंगळवारी?" आवाजानं विचारलं.

"मंगळवारीच."

"पुरेसं आहे," ती म्हणाली. "नोंद झाली. त्यांना द्या फोन."

लिफ्टमननं फोन कानाला लावला. तो 'काका' ऐकायला आसुसला होता, पण ते फोन ऐकून तपासले जातात, हे तिनंच त्याला एकदा सांगितलं होतं.

"आपण टिकलात, सर. अभिनंदन. यापुढे आपल्याला आमच्याकडून फोन येणार नाही." आणि मग, वाचून नव्हे, घाईघाईनं, "जेवत जा."

फोन बंद झाला.

दुकानाचं कुलूप निघाल्याचं कळलं तसा तो एका संध्याकाळी बाईंकडे गेला. आत नव्या मुली चादरी झटकत होत्या. बाई खुशीत होत्या. "सुटलं बाबा सगळं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी घोटाळा करून ठेवला होता म्हणे, मग स्वतःच निस्तरला."

"तो मी होतो," लिफ्टमन म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. त्या ओरडतील, असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुणाशी बोलायचं होतं तर इथे यायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मी दिवसभर बोलतच असते. या पोरी त्या बंद दारासमोर उभ्या राहायच्या हो. दोघी तर परत आल्याच नाहीत." मग त्या मुलींकडे वळल्या आणि शिकवायला लागल्या. 'बसा' म्हणाल्या नाहीत, 'जा'ही म्हणाल्या नाहीत. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून आला. त्या दोघी कोण, कुठे गेल्या, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि ते मनातून गेलंही नाही.

पुढच्या मंगळवारी जेवणाची सुट्टी झाली तसा तो सवयीनं कोठीत गेला. दार लावून, फोन मांडीवर घेऊन बसला. येणार नाही हे माहीत असलं तरी माणूस बसतो. चारी बाजूंनी घड्या, आणि कसलाही आवाज नाही. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात खोली अशी होती. त्याला रडू आलं. एका चादरीच्या कोपऱ्याला त्यानं डोळे पुसले, ती धुवायच्या ढिगात टाकली आणि बाहेर आला.

टेबलावर काम सुरू झालं होतं. त्यानं आपलं टोक उचललं. रुंद, केसाळ हात पलीकडून पुढे आले आणि थांबले.

"आज फोन नाही?"

"नाही. आता येणार नाही. टिकलो ना मी."

पलीकडच्यानं जरा विचार केला. "टिकलात म्हणून बंद?"

"हो."

"कमाल आहे." त्यानं चादर ताणली, पण घडी घातली नाही. "काय बोलायचात हो एवढं?"

"गोष्टी सांगायचो. लिफ्टमधल्या."

पलीकडच्यानं एका हातानं चादर धरून ठेवली, दुसऱ्या हातानं कानातला एक बोळा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही खिशात टाकले. "सांगा," तो म्हणाला. "पण आधी नाव सांगा. त्या दिवशी फार लाज वाटली मला."

लिफ्टमननं नाव सांगितलं. पलीकडच्यानं आपलं सांगितलं. मग मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून लिफ्टमननं दातांच्या डॉक्टरची गोष्ट सुरू केली. पेशंट पळाला, डॉक्टर मागोमाग घुसला, लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली, आणि तिथे येऊन तो जुन्या सवयीनं थांबला. समोरचा माणूस इथे उतरून जातो. त्यानं मान वर करून बघितलं. पलीकडचा उभाच होता. जाणार कुठे, चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

"मग?" पलीकडचा म्हणाला.